मलेरियाच्या पेशंटसाठी छताला बर्फ टांगणारा डॉक्टर: त्याची थट्टा झाली, पण आज विमानं थंड होतात ती त्याच्याच युक्तीने!

मंडळी, मे महिन्यातल्या दुपारी उन्हात उभ्या असलेल्या कारचं दार उघडल्यावर काय होतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. आता त्या कारला वरूनही मोठमोठ्या काचा आहेत आणि आत बसून पंधरा-वीस मिनिटं नंबर लागायची वाट बघायची आहे, अशी कल्पना करा. छोट्या चार सीटच्या विमानात टेक-ऑफसाठी थांबलेल्या पायलटची साधारण हीच अवस्था असते!

सेस्ना १७२ सारख्या बहुतेक छोट्या विमानांत एसी नसतोच. कारण सोपं आहे. एसीचं वजन असतं आणि तो इंजिनाची ताकदही खातो. तेवढ्या वजनात थोडं जास्त इंधन किंवा सामान नेता येतं. शिवाय दर हजार फुटांना तापमान साधारण २ अंशांनी उतरतं, म्हणजे वर गेलं की गारवा फुकटच मिळतो. प्रश्न असतो तो जमिनीवरचा. म्हणून काही विमानमालक एक साधी युक्ती करतात. बर्फाने भरलेली पेटी मागच्या सीटवर ठेवायची आणि छोट्या पंख्याने तिच्यातली थंड हवा केबिनमध्ये सोडायची.

बर्फावरून हवा फिरवून माणसाला गारवा द्यायचा, ही युक्ती विमानाच्याही आधीची आहे. राईट बंधूंचं विमान उडण्याच्या साठेक वर्षं आधी एका डॉक्टरने ती आपल्या पेशंटसाठी वापरली होती. त्या डॉक्टरचं नाव जॉन गोरी. आज त्याचीच गोष्ट.

कापसाच्या बंदरातला डॉक्टर

गोरीचा जन्म १८०३ चा. तो अमेरिकेतल्या साऊथ कॅरोलायनात लहानाचा मोठा झाला. न्यूयॉर्क राज्यातल्या एका कॉलेजमधून १८२७ मध्ये डॉक्टर झाला आणि १८३३ मध्ये फ्लोरिडातल्या अपालाचिकोला गावात येऊन राहिला. मेक्सिकोच्या आखातावरचं हे गाव तेव्हा कापसाचं मोठं बंदर होतं. जहाजं, व्यापारी आणि पैसा यांची रोजची ये-जा.

गोरीचा जीव मात्र एका कामात रमणारा नव्हता. दवाखाना सांभाळून तो गावचा पोस्टमास्तर झाला, १८३७ मध्ये महापौर झाला आणि पुढच्या वर्षी त्याने लग्नही केलं. गावात सगळं काही होतं. फक्त दर उन्हाळ्यात ताप यायचा आणि माणसं घेऊन जायचा.

मलेरिया आणि यलो फिव्हर डासांमुळे होतात, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. मलेरियाच्या डासाचं कोडं सुटायला १८९७ साल उजाडावं लागलं. तेही आपल्याकडे, सिकंदराबादमध्ये, रोनाल्ड रॉस यांच्या हातून. गोरीच्या काळात सगळे डॉक्टर मानायचे की दलदलीतून उठणाऱ्या घाणेरड्या हवेमुळे ताप येतो. गोरीही तेच मानायचा. मग त्याने सल्ला दिला, दलदल बुजवा, गवत काढा, बाजार स्वच्छ ठेवा, मच्छरदाणी लावा. कारण चुकीचं होतं, पण उपाय मात्र बरोबर निघाले!

त्याच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. थंडी पडली की ताप ओसरतो. मग पेशंटच्या खोलीतच थंडी आणली तर?

छताला टांगलेलं भांडं

त्याने बर्फाचं भांडं छताजवळ टांगलं. वरच्या नळीतून येणारी हवा बर्फावरून जायची, थंड व्हायची आणि जड झाल्यामुळे आपोआप खाली पेशंटच्या पलंगाकडे उतरायची. जमिनीजवळच्या भोकातून ती बाहेर जायची. पंखा नाही, मोटर नाही, वीज तर नाहीच. तापाने फणफणलेल्या माणसाला त्यामुळे आराम पडायचा.

पण बर्फ आणायचा कुठून? तेव्हा उत्तर अमेरिकेतल्या गोठलेल्या तळ्यांमधून बर्फ कापून, लाकडाच्या भुश्शात गुंडाळून जहाजाने पाठवला जायचा. बॉस्टनचा हाच बर्फ १८३३ मध्ये कोलकात्याला आणि पुढे आपल्या मुंबईलाही पोचला होता. धंदा जोरात होता, पण जहाज उशिरा आलं किंवा हिवाळा कमी पडला की बर्फ संपला. पेशंटचा ताप काही जहाजासाठी थांबत नव्हता.

गोरीने ठरवलं, बर्फ आपणच बनवायचा. १८४५ च्या सुमारास त्याने चालू दवाखाना सोडला आणि सगळा वेळ मशीनला दिला.

सायकलच्या पंपातलं विज्ञान

त्याचं मशीन समजायला फार अवघड नाही. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो, हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय. हवा दाबली की तापते. उलट टायरचा व्हॉल्व्ह दाबून हवा सोडली की ती गार लागते. दाबलेली हवा पसरली की थंड होते.

गोरीने हेच केलं:

१. पंपाने हवा दाबायची.
२. दाबल्यामुळे तापलेली हवा पाण्याने थंड करून घ्यायची.
३. मग तिला दुसऱ्या सिलिंडरमध्ये पसरू द्यायचं. आधीच थंड केलेली हवा पसरताना आणखी गार होते, इतकी की बर्फ तयार होतो.

१८५० च्या जुलैमध्ये गावातल्या एका मेजवानीत त्याच्या मशीनचा बर्फ पाहुण्यांपुढे ठेवला गेला, असं सांगितलं जातं. भर उन्हाळा, जहाज आलेलं नाही, तरी ग्लासात बर्फ! ६ मे १८५१ ला त्याला पेटंट मिळालं. त्याचा नंबर ८०८०.

यश दाराशी येऊन परत गेलं

इथून पुढे सगळं सोपं व्हायला हवं होतं. झालं उलटंच. बर्फ बनवणं हे देवाचं काम, त्यात माणसाने हात घालू नये, असं मानणारे लोक खूप होते. वर्तमानपत्रातून त्याची टर उडवली गेली. पैसे लावणारा भागीदार वारला. नवा भागीदार शोधायला गोरी न्यू ऑर्लिन्सला गेला, पण कोणी पुढे आलं नाही. आपल्याविरुद्ध बर्फाचे व्यापारीच अपप्रचार करताहेत, असा त्याला संशय होता.

तब्येत आणि पैसा दोन्ही संपले. २९ जून १८५५ ला तो अपालाचिकोलातच गेला. वय फक्त ५१. पेटंट मिळून चार वर्षं झाली होती, पण त्याच्या मशीनचा एकही कारखाना उभा राहिला नव्हता.

जमिनीवर हरला, आकाशात जिंकला

मशीन मात्र मेलं नाही. दोनच वर्षांनी इंजिनिअर विल्यम सीमेन्स यांनी त्याचा अभ्यास करून सुधारणा सुचवल्या. पुढे बेल आणि कोलमन यांनी याच तत्त्वावर जहाजासाठी मशीन बनवलं आणि १८८० मध्ये ऑस्ट्रेलियाचं गोठवलेलं मांस लंडनला पोचलं.

त्यानंतर जमिनीवर हवेच्या मशीनचे दिवस संपले. अमोनियासारखे वायू वापरणारी मशीन कमी ताकदीत जास्त थंडावा देऊ लागली. आपला घरचा फ्रिज, कारचा एसी आणि छोट्या विमानात बसवला जाणारा एसी, हे सगळे त्याच दुसऱ्या घराण्यातले. छोट्या विमानात तो किती जड जातो बघा. पायपर कंपनीच्या काही विमानांत थ्रॉटल पूर्ण पुढे ढकलला की एसीचा कॉम्प्रेसर आपोआप बंद होतो. का? टेक-ऑफला इंजिनाची सगळी ताकद हवी असते.

मग जेट इंजिन आलं आणि चित्र पालटलं. जेट इंजिन स्वतःसाठी हवा दाबतच असतं. त्यातली थोडी हवा घ्यायची, बाहेरच्या थंड हवेने तिची उष्णता काढायची, पुन्हा दाबून पुन्हा थंड करायची आणि शेवटी छोट्या टर्बाइनमधून पसरू द्यायची. केबिनसाठी गार हवा तयार! वेगळा वायू नको, त्यामुळे गळतीची भीती नाही, आणि यंत्रही हलकं. आज बहुतेक प्रवासी विमानं आणि अनेक खाजगी जेट अशीच थंड होतात. दाबा, थंड करा, पसरू द्या. गोरीच्या पेटंटमधल्याच तीन पायऱ्या.

म्हणजे बघा, बर्फाची पेटी घेऊन उडणारा छोट्या विमानाचा मालक गोरीची पहिली युक्ती वापरतो आणि कोट्यवधींच्या जेटमध्ये बसलेला उद्योगपती दुसरी. दोघांनाही त्याचं नाव माहीत असेलच असं नाही.

फ्लोरिडा मात्र त्याला विसरलं नाही. १९१४ मध्ये या राज्याने अमेरिकेच्या संसदभवनात त्याचा पुतळा बसवला. ज्या गावात तो खचून गेला, तिथे आज त्याच्या नावाचं म्युझियम आहे आणि त्यात त्या मशीनची प्रतिकृती ठेवलेली आहे.

तर मंडळी, पुढच्या वेळी विमानात बसल्यावर डोक्यावरची ती गोल जाळी फिरवून गार वारा घ्याल, तेव्हा या डॉक्टरची आठवण नक्की काढा. आणि जिवंतपणी थट्टा झालेले, पण नंतर जगाने डोक्यावर घेतलेले असे आणखी कोण तुम्हाला माहीत आहेत? कमेंटमध्ये सांगा. लेख आवडला तर विमानप्रवासात थंडी वाजते म्हणून कुरकुरणाऱ्या मित्राला जरूर पाठवा!