मीर सुलतान खान : देशी डावातून विलायतेच्या पटावर

आपल्या उत्सवातील बुद्धिबळ स्पर्धेत हल्ली मुले पहिल्या आठ-दहा चाली घोकून येतात. ओपनिंगची पुस्तके वाचतात, संगणकावर सराव करतात. हे चांगलेच आहे. पण यातले काहीही हाताशी नसताना जगातल्या अव्वल खेळाडूंना हरवणारा एक माणूस आपल्याच उपखंडात होऊन गेला. त्याची ओळख त्यांना व्हावी म्हणून हा लेखनप्रपंच.

मीर सुलतान खान यांचा जन्म विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीस पंजाबातील मिठा टिवाना या गावी झाला. हा भाग आज पाकिस्तानात आहे. लहानपणीच वडिलांकडून ते देशी बुद्धिबळ शिकले. देशी डावात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकते. आजच्यासारखा किल्लेकोट नसतो, राजा एकदाच घोड्याची चाल खेळू शकतो. त्यामुळे डाव सावकाश रंगतो आणि खरी लढाई मधल्या व अखेरच्या टप्प्यात होते. सुलतान खान यांची ताकद नेमकी तिथे होती.

पंजाबचे बडे जमीनदार सर उमर हयात खान यांनी त्यांना आश्रय दिला व विलायती नियम शिकण्याची सोय केली. १९२८ साली ते अखिल भारतीय विजेते झाले आणि १९२९ मध्ये सर उमर यांच्याबरोबर लंडनला गेले. मीटरगेजवर हात बसलेल्या ड्रायव्हरला एकदम ब्रॉडगेजची मेल द्यावी, तसा हा प्रकार. सरावासाठी भरवलेल्या छोट्या स्पर्धेत ते तळाला राहिले. सुरुवातीच्या चालींत ते कच्चे पडत. विंटर आणि येट्स या इंग्लिश खेळाडूंनी त्यांना ओपनिंगचे धडे दिले. त्याच उन्हाळ्यात रॅम्सगेटला सुलतान खान ब्रिटिश विजेते झाले! १९३२ आणि १९३३ मध्येही हा किताब त्यांनी जिंकला.

१९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यांनी माजी विश्वविजेते कापाब्लांका यांना ६५ चालींत हरवले. कापाब्लांका 'क्वीन्स इंडियन' बचाव खेळले. सुलतान खान यांनी पाचव्या चालीला वजिराच्या बाजूचे अगदी कडेचे प्यादे एकच घर पुढे सरकवले. चाल साधी, पण तिने काळ्या उंटाची वाट अडते. पुढे हीच कल्पना पेट्रोशियन यांच्या नावाने ओळखली गेली आणि कास्पारोव्ह यांनीही ती वापरली. १९३१ मध्ये त्यांनी तार्ताकोव्हर यांना १२ डावांच्या सामन्यात एका गुणाने मागे टाकले. तीन ऑलिंपियाडमध्ये ते इंग्लंडच्या पहिल्या पटावर बसले. विलायतेची हवा मात्र त्यांना मानवली नाही. सर्दी, घसा आणि हिवताप यांनी ते बेजार असत.

१९३३ अखेर सर उमर यांच्यासह ते मायदेशी परतले. १९३५ मध्ये आपले मराठी खेळाडू व्ही. के. खाडिलकर यांच्याशी त्यांचा दहा डावांचा सामना झाला. त्यात सुलतान खान यांनी नऊ डाव जिंकले व एक बरोबरीत सोडवला. त्यानंतर मोठ्या पटावर ते दिसले नाहीत. सरगोध्याजवळ शेती पाहत राहिले आणि २५ एप्रिल १९६६ रोजी क्षयाने वारले. त्यांच्या मुलाने पुढे सांगितले की, त्यांनी मुलांना बुद्धिबळ शिकवले नाही; आयुष्यात याहून उपयोगाचे काही करा, असे ते म्हणत.

विलायती लेखकांनी त्यांना वर्षानुवर्षे निरक्षर नोकर म्हणून रंगवले. अलीकडे त्यांच्या नातीने हे खोडून काढले आहे. ते जमीनजुमला असलेल्या घराण्यातले, लिहिता-वाचता येणारे गृहस्थ होते. १९५० मध्ये जागतिक संघटनेने ग्रँडमास्टर किताब सुरू केला, तेव्हा खेळ सोडून दिलेल्या रुबिन्स्टाइन यांनाही तो मिळाला. त्यांनाच प्रागला हरवणारे सुलतान खान मात्र वगळले गेले. मानद ग्रँडमास्टर म्हणून त्यांचा गौरव झाला तो २०२४ साली, मृत्यूनंतर ५८ वर्षांनी.

आपल्यापैकी पुष्कळजण डिप्लोमा करून, लहान गावांतून, परक्या प्रांतांत नोकरीला आलो. कागदावरच्या शिक्षणावरून माणसाची पारख होताना आपण रोज पाहतो. सुलतान खान यांचे डाव आजही उपलब्ध आहेत. मुलांनी ओपनिंग जरूर पाठ करावीत. पण पाठांतर संपल्यावर डाव कसा खेळायचा, हे शिकण्यासाठी पालकांनी त्यांच्यासोबत बसून यातला एखादा डाव पटावर मांडून पाहावा.