एका पदाला कितीही वन्समोअर घेणारे बालगंधर्व सिनेमाच्या कॅमेऱ्यापुढे का रमले नाहीत?

आजकाल मोठ्या कॉन्सर्टला गेलं की स्टेजवर गायक असतो, चार-पाच वादक असतात आणि कोपऱ्यात एक लॅपटॉपही असतो. व्हायोलिनचा ताफा, कोरस, कधीकधी खुद्द गायकाचा आवाजसुद्धा त्या लॅपटॉपमधून येतो. ड्रमरच्या कानात टिकटिक वाजत असते आणि सगळे त्या टिकटिकीच्या मागे चालतात. गाणं चार मिनिटांचं ठरलं असेल तर ते चार मिनिटांतच संपतं. पब्लिक कितीही ओरडलं तरी मधलीच एक ओळ पाच वेळा वेगवेगळ्या अंगानं म्हणायची सोय त्यात नसते.

मग ते खरं गाणं की खोटं, यावर सोशल मीडियावर दर महिन्याला भांडण होतं. पण हा वाद नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्रातला सगळ्यात लाडका गायकनट या वादाच्या मधोमध उभा होता. त्याचं नाव नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व.

२६ जून १८८८ चा त्यांचा जन्म. लहानपणी पुण्यात त्यांचं गाणं लोकमान्य टिळकांनी ऐकलं आणि कौतुकानं या मुलाला बालगंधर्व म्हटलं. ते नाव पुढे असं चिकटलं की मूळ नाव लोक विसरून गेले.

१९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले. त्यांना कानाचा त्रास होता. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी लक्ष घातलं आणि मिरजेच्या मिशन हॉस्पिटलमध्ये डॉक्टर वॉन्लेस यांच्याकडे त्यांच्यावर उपचार झाले. पुढे त्याच मिरजेत त्यांनी शकुंतलेची भूमिका केली आणि पंचवीसहून जास्त वर्षं मराठी रंगभूमीवरची सगळ्यात देखणी स्त्री म्हणजे हा पुरुष, असं समीकरण झालं.

तेव्हा नाटकाचा प्रयोग कसा व्हायचा, हे आधी समजून घ्यायला हवं.

स्टेजवर माइक नव्हता. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवायचा तो गळ्याच्या जोरावर. समोर साथीला ऑर्गन, सारंगी आणि तबला. नाटक रात्री सुरू व्हायचं आणि पहाटेपर्यंत चालायचं, कारण पद आवडलं की पब्लिक वन्समोअर द्यायचं. बालगंधर्वांचं वैशिष्ट्य असं की दुसऱ्यांदा म्हटलेलं पद पहिल्यासारखं नसायचं. तीच ओळ, पण जागा वेगळ्या, ताना वेगळ्या, भावही वेगळा.

हे एकट्या गायकाचं काम नव्हे. गायक कुठे वळणार हे सारंगीवाल्याला त्याच क्षणी ओळखावं लागतं. तो समेवर कधी येणार, हे तबलजीला श्वासावरून कळावं लागतं. म्हणून बालगंधर्वांनी साथीला साधीसुधी माणसं ठेवली नाहीत. त्यांच्याकडे सारंगीला कादरबक्ष होते आणि तबल्याला उस्ताद अहमदजान थिरकवा. थिरकवा म्हणजे विसाव्या शतकातल्या सगळ्यात मोठ्या तबलावादकांपैकी एक. असा माणूस नाटक कंपनीत पगारावर होता! गाणं शिकवायला गुरू होते भास्करबुवा बखले.

आणि लाइव्ह म्हणजे नुसती मजा नव्हती. १२ मार्च १९११ ला मुंबईत ‘मानापमान’ नाटकाचा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली. प्रयोग पुढे ढकलता आला असता, पण तिकिटं विकली गेली होती आणि लोक लांबून आले होते. त्यांनी तोंडाला रंग लावला, लुगडं नेसलं आणि श्रीमंत घरातल्या हट्टी भामिनीची भूमिका केली. त्यांच्या जागी वाजवायला कुठली तबकडी नव्हती. ते गायले नसते, तर नाटक झालंच नसतं.

१९१३ साली गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासोबत त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१६ ला ‘स्वयंवर’ आलं, १९१९ ला ‘एकच प्याला’. राजवाड्यातली रुक्मिणी आणि फाटक्या लुगड्यातली सिंधू, दोन्ही त्यांच्याच.

८ जुलै १९२१ ला तर कमालच झाली. टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झालं. ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे दोन सगळ्यात मोठे गायक एका स्टेजवर! तीनच महिन्यांत केशवराव वारले. तो प्रयोग कुठेही रेकॉर्ड झालेला नाही. ज्यांनी पाहिला त्यांचा तो झाला, बाकीच्यांसाठी फक्त दंतकथा उरली.

या सगळ्यात पैसा मात्र पाण्यासारखा जात होता. खरे भरजरी शालू, उंची गालिचे, अत्तर, पगारी उस्ताद. कंपनीवर मोठं कर्ज झालं. बालगंधर्वांनी हात वर केले नाहीत. प्रयोगामागून प्रयोग करून काही वर्षांत त्यांनी ते फेडलं. पण खर्चाची सवय सुटली नाही.

आणि मग मशीन आलं.

खरं तर ग्रामोफोन आधीच आला होता. बालगंधर्वांच्या तबकड्या निघाल्या आणि घराघरात वाजल्या. पण ७८ गतीच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. जे पद थिएटरात वन्समोअर घेत कितीही लांबायचं, त्याचा तबकडीवर अर्क काढावा लागायचा. तरीही तबकडी नाटकाचं गिऱ्हाईक तोडत नव्हती. उलट ती ऐकून लोक तिकीट काढायचे.

बोलपटाचं तसं नव्हतं. १९३१ ला ‘आलम आरा’ आला, १९३२ ला प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’. त्यात हरिश्चंद्र होते बालगंधर्वांचे जुने भागीदार गोविंदराव टेंबे. काही आण्यांत गाणी, देखावे आणि नाटक सगळं मिळायला लागलं. तीच रीळं गावोगाव फिरायची. ना पगारी तबलजी, ना सामानाचे पेटारे. नाटक कंपन्या पटापट बसल्या. १९३४ च्या अखेरीस गंधर्व मंडळीचंही काम थांबलं.

मग बालगंधर्व प्रभातकडे गेले. १९३५ साली व्ही. शांताराम यांनी ‘धर्मात्मा’ काढला. त्याचं आधीचं नाव ‘महात्मा’ होतं, ते सेन्सॉरमुळे बदलावं लागलं. अस्पृश्यतेच्या विरोधातला हा सिनेमा. त्यात बालगंधर्व संत एकनाथ झाले. संगीत मास्टर कृष्णरावांचं, म्हणजे त्यांचे गुरुबंधूच. कंपनी मोठी, विषय मोठा, माणसं ओळखीची. तरीही जमलं नाही.

का जमलं नाही?

एक तर लोकांना त्यांना लुगड्यात बघायची सवय होती. दुसरं कारण गाण्याचं होतं. सिनेमात गाणं आधी मोजून घ्यावं लागतं. कॅमेऱ्यापुढे हलायचं किती, थांबायचं कुठे, हे ठरलेलं. तुकड्या-तुकड्यानं काम. आणि मुख्य म्हणजे समोर पब्लिकच नाही. कुणी दाद देत नाही, कुणी वन्समोअर मागत नाही. ज्या माणसाचं गाणं समोरच्याच्या दादेवर फुलायचं, त्याच्यापुढे आता फक्त एक भिंग होतं.

प्रभातशी झालेली भागीदारी त्या एका सिनेमावर थांबली. १९३७ ला बाबूराव पेंटरांच्या ‘साध्वी मीराबाई’मध्ये ते मीरा झाले. तोही चालला नाही. पन्नाशीला टेकलेले बालगंधर्व पुन्हा नाटकाकडे वळले. पुढे गोहरबाई कर्नाटकी त्यांच्या सोबत आल्या. गंमत बघा, गोहरबाईंची बहीण अमीरबाई कर्नाटकी सिनेमाच्या गाण्यांनी देशभर गाजत होती, आणि गोहरबाई एका उतरत्या नाटक कंपनीत उभ्या होत्या.

हिशोबाने पाहिलं तर बालगंधर्व हरले. नाटकाला पहिले दिवस परत आले नाहीत. पायांनी साथ सोडली, पैसा उरला नाही. १९५५ ला संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६४ ला पद्मभूषण मिळालं. १५ जुलै १९६७ ला पुण्यात ते गेले. ज्या बालगंधर्व रंगमंदिराचा पाया त्यांच्याच हातून घातला गेला, ते उघडलं १९६८ मध्ये, त्यांच्या जन्मदिवशी.

आता यातली खरी अडचण. आज बालगंधर्व कसे गायचे हे आपल्याला कळतं ते तबकड्यांमुळेच. मशीन नसतं तर केशवरावांच्या त्या रात्रीसारखं हेही हवेत विरलं असतं. २०११ साली त्यांच्यावर सिनेमा आला, त्यात भूमिका सुबोध भावे यांची आणि गळा आनंद भाटे यांचा. भाटे यांना त्यासाठी सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जो माणूस जन्मभर स्वतःच्याच गळ्यानं समोरासमोर गायला, त्याची गोष्ट नव्या पिढीला प्लेबॅकमधून कळली.

म्हणजे रेकॉर्डिंग वाईट, असं अजिबात नाही. रेकॉर्डिंग गाणं जपून ठेवतं. पण तबकडीला वन्समोअर दिला तर ती तेच पुन्हा म्हणते. बालगंधर्वांना दिला तर काहीतरी नवीन मिळायचं, आणि ते काय असेल हे थिरकवांनाही आधी माहीत नसायचं. पुढच्या वेळी महागडं तिकीट काढून कॉन्सर्टला जाल तेव्हा स्टेजवर लॅपटॉप आहे की नाही, हे शोधत बसू नका. गायकाला वन्समोअर द्या आणि काय परत मिळतं ते ऐका.