हिरवी रेघ

निवृत्तीनंतर हाती आलेल्या पैशांतून मी एक दुर्बीण घेतली. १५० मिलिमीटर व्यासाचा आरसा, १२०० मिलिमीटर नाभीय अंतर, खाली लाकडी बैठक. सोबत दोन नेत्रिका, एक २५ मिलिमीटरची आणि एक १० मिलिमीटरची. दिवाळीनंतर आमच्या धाराशिवचे आकाश निवळते. गच्चीवर सतरंजी टाकून बसलो की शनीची कडी, गुरूचे चंद्र असे सगळे आल्यागेल्या पाहुण्यांनाही दाखवून झाले. मग प्रत्येक हौशी माणसाला जडतो तो रोग मला जडला. आणखी काहीतरी घ्यावे असे वाटू लागले.

एका विक्रेत्याने फोनवर ४ मिलिमीटरची नेत्रिका आणि तिची शक्ती तिप्पट करणारे बार्लो भिंग सुचवले. ९०० पट मोठे दिसेल म्हणाला. गणित चोख होते. १२०० भागिले ४ म्हणजे ३००, त्याला तिनाने गुणले की ९००. पण बँकेत असताना अशी चोख गणिते घेऊन येणारे कर्जदार मी पुष्कळ पाहिले होते. एवढ्या आरशाला ३०० पट ही परमावधी, आणि तीही हवा अगदी स्थिर असेल तेव्हाच. त्यापुढे दिसते ते मोठे असते खरे, पण पुसट असते.

दुर्बीण जी नळी दाखवते ती नव्हे. तिच्या डोळ्याच्या टोकाशी आपण काय लावतो यावर ती काय सांगणार हे ठरते. ही गोष्ट शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पुण्यात एका माणसाने पुरती ओळखली होती. कावसजी दादाभाई नायगमवाला हे त्यांचे नाव. एके काळी हिंदुस्थानातली सर्वांत मोठी दुर्बीण ज्यांच्या ताब्यात होती असे हे गृहस्थ आज पुण्यातही फारसे कुणाला आठवत नाहीत.

त्यांचा जन्म १८५७चा. पदार्थविज्ञान आणि रसायन हे विषय घेऊन ते मुंबई विद्यापीठाचे एम.ए. झाले आणि १८८२च्या सुमारास एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवू लागले. त्यांना ओढ होती वर्णपटाची. लोलकातून प्रकाश फाकवला की त्याच्या पट्ट्यात रेघा दिसतात, आणि त्या रेघांवरून जळणारा पदार्थ कोणता ते ओळखता येते. त्या काळी ही विद्या नवी होती. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी अशा प्रयोगशाळेसाठी ५,००० रुपये दिले. मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. ही रक्कम पाठीशी घेऊन नायगमवाला १८८४ साली उपकरणे विकत घ्यायला विलायतेस गेले.

तिथे बेत बदलला. केवळ प्रयोगशाळेत मेणबत्ती आणि मीठ जाळून रेघा काय बघायच्या, हिंदुस्थानच्या स्वच्छ आकाशाखाली ताऱ्यांच्याच रेघा बघा, असा सल्ला त्यांना मिळाला. सल्ला देणाऱ्यांत नॉर्मन लॉकियर होते. सूर्याच्या प्रकाशात हेलियमची रेघ ओळखणारे आणि ‘नेचर’ नियतकालिकाचे संस्थापक संपादक म्हणून या माणसाचा शब्द त्या वेळी शास्त्रज्ञांत वजनदार होता. प्रयोगशाळेची वेधशाळा झाली. डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्याची २० इंची परावर्तक दुर्बीण घेण्यात आली. दरम्यान नायगमवाला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे पुढच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, आले होते. त्याच आवारात १८८८ साली महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा सुरू झाली.

वेधशाळेसाठी त्यांनी वर्णपटमापक निवडले, हे मला फार महत्त्वाचे वाटते. एवढा मोठा आरसा हाती आल्यावर चंद्रावरची विवरे साहेबलोकांना दाखवून वाहवा मिळवणे सोपे होते. नेत्रिकेने प्रकाश एका ठिकाणी गोळा होऊन डोळ्यात शिरतो आणि दृश्य मोठे होते. वर्णपटमापक तोच प्रकाश एका अरुंद फटीतून घेतो, लोलकातून फाकवतो आणि सुंदर चित्राच्या जागी काही रेघा ठेवतो. बघणाऱ्याची निराशा व्हावी असे हे काम.

आता त्या रेघांची गोष्ट. मृग नक्षत्रात बाणाच्या तीन ताऱ्यांखाली एक धूसर ठिपका दिसतो. तो तेजोमेघ. त्याच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेघ आहे, आणि ती कशाची हे तेव्हा कुणालाच कळत नव्हते. लॉकियर यांनी मोठा सिद्धान्त मांडला होता. तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे, आणि ती हिरवी रेघ म्हणजे त्यांतल्या तापलेल्या मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड. हे खरे असेल तर रेघ एका बाजूने विरत गेलेली दिसायला हवी. पट्ट्याची कड एकीकडे तीक्ष्ण आणि दुसरीकडे पसरट असते.

पुण्याच्या घुमटाखाली नायगमवालांनी ती रेघ तऱ्हेतऱ्हेने पाहिली. ती दोन्ही बाजूंनी तीक्ष्णच राहिली. १८९१ साली लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात त्यांनी ते छापले. ज्यांच्या सल्ल्याने वेधशाळा उभी राहिली, त्यांच्याच सिद्धान्ताविरुद्ध तिथल्या पहिल्या मोठ्या कामाने साक्ष दिली. तशी साक्ष देणारे ते एकटे नव्हते. विल्यम हगिन्स आणि अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कीलर हेही लॉकियर यांच्या विरोधात होते. पण ते दोघे लॉकियर यांचे ऋणी नव्हते. पुण्यातल्या प्राध्यापकाला त्या रात्री काय वाटले असेल, याचा विचार कादंबरीकार म्हणून मला सोडवत नाही.

२२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास ग्रहणाची सावली कोकणातून घाटावर आली. लॉकियर विजयदुर्गावर होते. तिथले ‘साहेबाचे ओटे’ दाखवून हेलियमचा शोध इथेच लागला, असे आजही सांगतात. तसे नाही. हेलियमची रेघ १८६८ची, आणि तेव्हा लॉकियर इंग्लंडात होते. नायगमवालांनी आपला तळ टाकला करमाळा तालुक्यातल्या जेऊरला. जेऊर आमच्या परंड्याहून लांब नाही. फक्त परंडा तेव्हा निजामाच्या राज्यात आणि जेऊर इंग्रजांच्या. जेऊरला रेल्वे होती, त्यामुळे अवजड पेट्या नेणे शक्य होते. लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आपला ४० फुटी कॅमेरा घेऊन तिथेच उतरले होते. मुलखात प्लेगची वर्षे. महिनोन्‌महिने मांडलेली उपकरणे, आणि हाती सुमारे दोन मिनिटांचा अंधार. मग सावली ईशान्येला, आमच्या परंडा-भूमच्या बाजूने सरकली. त्या दोन मिनिटांचा अहवाल नायगमवालांनी १९०२ साली छापला.

बँकेतल्या भाषेत सांगायचे तर मुदत कर्ज मिळते, खेळते भांडवल मिळत नाही. यंत्राला पैसे देणारा महाराजा भेटतो. त्या यंत्रापाशी रोज रात्री बसणाऱ्या चार माणसांचा पगार कोण देणार? त्यातच चांदीचा मुलामा दिलेला आरसा काही काळाने काळवंडतो, तो पुन्हा चढवावा लागतो. असे मंजुरीच्या कागदावर न लिहिलेले खर्च किती. पुण्यात सगळी वेधशाळा एका माणसावर उभी होती. १९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले आणि सरकारने ती बंद केली. वीस इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. ती मुख्यतः सूर्याची वेधशाळा, रात्रीच्या दुर्बिणीला तिथे फारसे काम नव्हते. दुर्बिणीला नाव उरले भावनगरचे. नायगमवाला त्यानंतर २६ वर्षे जगले, १९३८ पर्यंत. आपल्या हातची दुर्बीण पेटीत घालून दुसऱ्या गावी पाठवल्यावरची ही वर्षे.

त्या हिरव्या रेघेचे कोडे त्यांच्या हयातीतच सुटले. १९२७ साली अमेरिकेत आयरा बोवेन यांनी दाखवून दिले की ती ऑक्सिजनची आहे. दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची, तीही पृथ्वीवर करता येणार नाही इतक्या विरळ अवस्थेतली. मॅग्नेशियमचा तिच्याशी संबंध नव्हता.

४ मिलिमीटरची नेत्रिका मी घेतली नाही. त्या पैशांत ३२ मिलिमीटरची एक नेत्रिका आली, ३७ पटीची, पण आकाशाचा मोठा तुकडा दाखवणारी. आणि तिच्या बुडाशी फिरकीने बसवायची एक गाळणी. हौशी लोक तिला ‘ओ-थ्री’ म्हणतात. बाकीचा बहुतेक सगळा प्रकाश ती अडवते आणि ऑक्सिजनच्या दोन हिरव्या रेघा तेवढ्या आत सोडते. त्यांतली मोठी ५०० नॅनोमीटरच्या जराशी पुढची, नायगमवालांची.

जानेवारीत रात्री नऊच्या सुमारास मृग चांगला वर येतो. गच्चीवरून रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड जाणवतो, म्हणून आधी नुसत्या डोळ्यांनी पाहिले तेव्हा ठिपका फिकटच होता. गाळणी लावली. तारे मंदावले आणि मधला ढग पंखासारखा दोन्हीकडे पसरला. नातीला बोलावले. तिने बराच वेळ डोळा लावून ठेवला, मग विचारले की हा असा पुसट का, तू मोठा का करत नाहीस.