मुंबईच्या गोदीचे जमशेटजी वाडिया

इ. स. १७३६ मध्यें सुरतेहून मुंबईस आलेले जहाजकारागीर लवजी नसरवानजी वाडिया ह्यांचे जमशेटजी बमनजी हे नातू होत. वडील व चुलते गोदींतच राबलेले. तेव्हां करवत, वाकस आणि गुण्या ह्यांच्याशीं त्यांचें नातें बाळपणींच जडलें असावें. १७९२ सालानंतर मुख्य कारागिराचें काम त्यांजकडे आलें, आणि १८०४ सालीं कंपनीनें त्यांस रुप्याची मापपट्टी नजर केली.

त्या काळीं इंग्लंडच्या आरमारास ओक लांकडाची टंचाई भासूं लागली होती. मुंबईस मलबारचा साग मिळे. तो सहजीं कुजत नाहीं, व त्यांतील तेलामुळें लोखंडी खिळे टिकतात. तरी देशी कारागिराच्या हातीं मोठी युद्धनौका सोंपवावी कीं काय, अशी शंका विलायतेंत होतीच. ती १८१० सालीं ७४ तोफांच्या ‘मिंडेन’ जहाजानें फेडली.

नकाशावरून जहाज कसें उभें राहतें? कागदावर त्याच्या तीन आकृति असतात: एक बाजूनें, एक वरून, एक समोरून. एका फुटास पाव इंच हें नेहमींचें प्रमाण. त्या रेषा प्रशस्त जमिनीवर खऱ्या मापानें आंखावयाच्या, त्यांवरून पातळ फळ्यांचे सांचे कापावयाचे, आणि सांच्याबरहुकूम सागाचे वांकडे ओंडके निवडून तासावयाचे. मग पठाण, म्हणजे जहाजाचा कणा, मांडून त्यावर हे वांक बरगड्यांप्रमाणें उभे करावयाचे व बाहेरून फळ्या ठोकावयाच्या. कागदावर केंस चुकला तर जमिनीवर बोट चुकतें. (भूमितीच्या तासाला जांभया देणाऱ्यांनीं हें वाक्य पुन्हां वाचावें.)

पुढें ३८ तोफांच्या एका फ्रिगेटीचे नकाशे ‘जावा’ जहाजावरून मुंबईस निघाले. १८१२ च्या डिसेंबरांत ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकनांनीं तें जहाज जिंकून जाळलें, आणि नकाशे गेले. दुसरी प्रत मागविणें भाग पडलें. पठाण मांडावयास १८१६ साल उजाडलें. मूळ आराखडा १७८२ सालीं पकडलेल्या ‘हेबे’ ह्या फ्रेंच जहाजावरून उतरविलेला होता. फ्रेंच रेषा, इंग्रजी कागद, मलबारी लांकूड आणि पारशी कारागिराची देखरेख, असा हा योग! १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं ‘त्रिंकोमाली’ पाण्यांत उतरली.

जमशेटजी १८२१ सालीं निवर्तले. इंग्लंडांतील हार्टलपूल बंदरीं ती नौका आजही तरंगत आहे, आणि तिच्या सांगाड्यांत मुंबईस तासलेला साग अद्याप पुष्कळ आहे.