बुचाच्या भिंतींआड

मार्सेल प्रूस्तचे नाव निघाले की लोकांना दोन गोष्टी आठवतात. चहात बुडवलेला केकचा तुकडा आणि भिंतींना बूच लावलेली खोली. केकविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. मला कुतूहल आहे ते खोलीचे, कारण तिच्यामागे एक दुखणे आहे आणि त्या दुखण्यामागे एका डॉक्टर बापाची व त्याच्या मुलाची कहाणी आहे.

वडील ॲद्रियाँ प्रूस्त हे फ्रान्समधले मोठे प्रस्थ, पॅरिसच्या वैद्यकीय विद्याशाखेत आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक. पटकीची वाट शोधत १८६९ मध्ये ते थेट इराणपर्यंत जाऊन आले होते. रोग युरोपात शिरूच नये म्हणून बंदरांवर आणि सरहद्दींवर कडक पहारा ठेवावा, यासाठी त्यांनी आयुष्य वेचले. १० जुलै १८७१ रोजी त्यांच्या घरी मार्सेल जन्मला. तो नऊ वर्षांचा असताना, १८८१ च्या वसंतात, ब्वा द बुलोन्यच्या राईत सगळे फिरायला गेले होते. परतताना मुलाचा श्वास असा कोंडला की साथीच्या रोगांना न डगमगणारे वडील हादरून गेले. मुलगा डोळ्यांदेखत जातो की काय, असे त्यांना वाटले.

ऋतू वसंताचा आणि जागा झाडांची, हे ध्यानात ठेवावे. इलिए हे वडिलांचे गाव. तिथल्या काटेरी कुंपणावरची पांढरी-गुलाबी फुले पुढे प्रूस्तच्या कादंबरीत पानोपानी फुलली; पण लिहिणाऱ्याला मात्र फुलांच्या दिवसांत त्या गावाचे दार जवळपास बंदच झाले. मोठेपणी फुले पाहायची हुक्की आली तर तो बंद मोटारीत बसून काचेआडून पाही.

त्या काळी दमा हा मज्जातंतूंचा विकार समजला जाई. म्हणजे सरळ भाषेत सांगायचे तर अर्धे दुखणे मनाचे. डॉक्टर ब्रिसो यांनी १८९६ मध्ये दमेकऱ्यांसाठी याच मताचे पुस्तक लिहिले आणि त्याला प्रस्तावना होती ॲद्रियाँ प्रूस्त यांची! पुढच्याच वर्षी दुबळ्या मज्जातंतूंच्या रोग्यांवर स्वतः वडिलांनी एका सहकाऱ्यासह पुस्तक काढले. घरात मुलगा धापा टाकतो आहे आणि वडील असे ग्रंथ प्रसिद्ध करताहेत, हे चित्र मला दम्याच्या झटक्याहून जास्त अस्वस्थ करते. बापाची माया कमी नव्हती, ज्ञान अपुरे होते. एका डॉक्टरने तर नाक आतून डागण्याचा उपचार केला. मार्सेलच्या हिशेबाने अशा डागण्या शंभरावर झाल्या. आता खुशाल खेड्यात जा, असे आश्वासन मिळाले. तो गेला आणि पूर्वीपेक्षा जास्त आजारी पडला. १९०५ मध्ये आई गेल्यावर, तिच्या इच्छेला मान देऊन, तो डॉक्टर सोलिए यांच्या मज्जाविकारांच्या आरोग्यधामात सहा आठवडे राहिला. गुण आला नाही.

खरी वाट सापडत होती ती वडिलांच्याच विद्याशाखेत. तिथले शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक शार्ल रिशे समुद्री जीवांच्या विषावर प्रयोग करत होते. थोडे विष आधी टोचले की कुत्र्याला ते पुढे सोसेल, अशी अपेक्षा. घडले उलटेच. पहिली मात्रा पचवलेला नेपच्यून नावाचा धिप्पाड कुत्रा, तीनएक आठवड्यांनी तेवढीच मात्रा टोचताच धापा टाकत अर्ध्या तासाच्या आत मेला. हे १९०२ मध्ये जाहीर झाले. शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच कधी शरीरावर उलटते, असा त्याचा अर्थ. व्हिएन्नाच्या पिर्के यांनी १९०६ मध्ये ‘ॲलर्जी’ हा शब्द दिला आणि १९१० मध्ये अमेरिकेत मेल्टझर यांनी दम्याचे मूळ यातच असल्याचे मांडले. रिशे यांना नोबेल मिळाले १९१३ मध्ये. त्याच वर्षी प्रूस्तने आपल्या कादंबरीचा पहिला खंड पदरमोड करून छापून घेतला.

आज आपल्याला अधिक कळते. फुलांचे, गवताचे पराग हे काही पटकीचे जंतू नव्हेत, निरुपद्रवी धूळ. पण काही जणांच्या शरीरातले पहारेकरी त्यालाच शत्रू ठरवतात. रक्तात एक खास प्रतिपिंड तयार होते; ते १९६० नंतरच्या दशकात ओळखले गेले. श्वासनलिकेतल्या मास्ट पेशींवर ते टपून बसते. पराग पुन्हा आला की या पेशी हिस्टामिनसारखी रसायने ओततात, नळीचे स्नायू आवळतात. काही तासांनी दुसऱ्या पेशींची फौज येते, अस्तर सुजते, चिकट कफ साचतो. हा दाह आतल्या आत धुमसत राहतो, म्हणून झटका नसतानाही रोगी खऱ्या अर्थाने मोकळा नसतो. वसंतात सुरू झालेले दुखणे आणि जोडीला गवताच्या दिवसांतली सर्दी पाहता प्रूस्तचा दमा या जातीचा दिसतो.

त्याच्या हाती उपाय काय होते? धोतरा! दम्यावर धोतरा ओढण्याची ही युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासेतल्या इंग्रज डॉक्टरांमार्फत आपल्याकडूनच युरोपात गेली. प्रूस्त धोतऱ्याच्या जातीची पूड बशीत जाळून खोलीभर धूर करी. काडीतल्या गंधकाचा वास सोसत नसे, म्हणून ती पेटवायला बाहेर मेणबत्ती तेवत ठेवलेली असे. धोतऱ्याने आवळलेले स्नायू सैल पडतात, सूज मात्र उतरत नाही. उलट धुराने नळ्या आणखी चिडतात. दाह शमवणारी, हुंगायची स्टेरॉइडची औषधे आली १९७० नंतर.

बुलवार ओसमानवरच्या घरात १९१० मध्ये त्याने भिंतींना बूच लावून घेतले ते मुख्यतः आवाजासाठी. पराग आणि धूळ अडवायला बंद खिडक्या आणि जाड पडदे होते. दिवसा झोप, रात्री लेखन. पुढे सेलेस्त ही निष्ठावान बाई त्याचे सगळे पाहू लागली. तिच्या हातची कडक कॉफी हाच कित्येकदा आहार. कॉफीतले कॅफिन हे दम्यावरच्या थिओफिलिनचे जवळचे नातलग आहे, हेही जाता जाता सांगतो. अंथरुणात पडल्यापडल्या हा गृहस्थ शेअरबाजारातही खेळे आणि बरेच पैसे घालवी. त्याचा नातलग व सल्लागार लिओनेल ओझेर याने किती वेळा कपाळावर हात मारला असेल, हे बँकेत जन्म काढलेल्या माझ्यासारख्याला चांगले समजते.

१९१९ मध्ये गोंकूर पारितोषिक मिळाले, कीर्ती आली. १९२२ च्या शरदात सर्दीचे निमित्त झाले आणि न्यूमोनियाने गाठले. धाकटा भाऊ रोबेर नामांकित शल्यविशारद. इस्पितळात चल म्हणून त्याने परोपरीने विनवले. मार्सेलने ऐकले नाही. हातातला खंड दुरुस्त करत राहिला. आयुष्यभर ज्यांनी दुखणे मनाचे ठरवले, त्यांच्या हाती तो शेवटचे दिवस का देईल? १८ नोव्हेंबरला तो गेला, वय एक्कावन्न. उरलेले तीन खंड १९२३ ते १९२७ मध्ये बाहेर आले आणि त्यांच्या हस्तलिखितांची, मुद्रितांची जबाबदारी आपला व्यवसाय सांभाळून उचलली ती डॉक्टर रोबेर प्रूस्त यांनी.