डॉ. कोटणीसांचे ७२ तास
ड्युटीचे ठरलेले तास संपले की वैमानिकाला विमान उडवता येत नाही, तो कितीही तयार असला तरी. सोलापुरात १९१० मध्ये जन्मलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांना असे रोखणारा नियम नव्हता. १९३८ मध्ये ते पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. युद्धआघाडीवर त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्याचे सांगितले जाते. १९४१ मध्ये ते बेथ्यून रुग्णालयाचे संचालक झाले. हे नाव ज्यांचे, ते डॉ. नॉर्मन बेथ्यून १९३९ मध्ये शस्त्रक्रियेवेळी बोट कापून झालेल्या जंतुसंसर्गाने दगावले होते. म्हणजे धोका समोरच होता. पुढे फिट्स येऊ लागल्या, तरी कोटणीस काम करत राहिले. प्रमुखालाच सक्तीची रजा देणार कोण? ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मुलगा यिनहुआ तेव्हा चार महिन्यांचाही नव्हता.