‘लाइन व्यस्त आहे’ यामागचं गणित मांडणारा एर्लांग कोण होता?

एका गावातून बाहेर फोन जाण्यासाठी किती लाइन टाकायच्या? कमी टाकल्या तर कॉल लागत नाहीत, जास्त टाकल्या तर तांब्यावरचा खर्च वाया. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोपनहेगन टेलिफोन कंपनीपुढे हाच प्रश्न होता. त्याला सूत्र दिलं आग्नर क्रारूप एर्लांग यांनी.

१ जानेवारी १८७८ रोजी डेन्मार्कमधल्या लोनबोर्ग गावात, शाळामास्तरांच्या घरी त्यांचा जन्म झाला. १९०१ मध्ये कोपनहेगन विद्यापीठाची गणितातली पदवी घेऊन ते शिक्षक झाले. टेलिफोन कंपनीचे मुख्य अभियंता आणि हौशी गणितज्ञ योहान येन्सेन यांच्याशी ओळख झाली आणि १९०८ मध्ये एर्लांग कंपनीत रुजू झाले. काम फक्त टेबलावरचं नव्हतं. मोजमापांसाठी ते रस्त्यावरच्या मॅनहोलमध्येही उतरत. शिडी घेतलेला कामगार सोबत असे.

कोण कधी फोन करेल हे सांगता येत नाही. पण हजारो ग्राहकांचे कॉल एकत्र पाहिले, तर ते पॉयसाँच्या नियमाने येतात, हे त्यांनी १९०९ मध्ये दाखवलं. १९१७ मध्ये कॉल न लागण्याची शक्यता काढायचं सूत्र आलं.

समजा, तासाला १०० कॉल येतात आणि प्रत्येक सरासरी ३ मिनिटं चालतो. म्हणजे ३०० मिनिटांचं बोलणं. हिशेबाने ५ लाइन पुरायला हव्यात. पण सूत्र सांगतं, ५ लाइन असतील तर १०० पैकी साधारण २८ कॉल लागणारच नाहीत. १० लाइन टाकल्या तर न लागणारे कॉल जेमतेम २. कारण लोक रांग लावून, एकामागून एक फोन करत नाहीत.

अविवाहित एर्लांग सुमारे २० वर्षं कंपनीत राबले. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर ३ फेब्रुवारी १९२९ रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. १९४६ मध्ये टेलिफोन वाहतुकीच्या एककाला ‘एर्लांग’ नाव मिळालं.

इंटरनेटला मात्र हे गणित जसंच्या तसं लागू पडलं नाही. १९९० च्या दशकात बेलकोरच्या संशोधकांनी इथरनेटवरची वाहतूक तपासली. फोन कॉलची गर्दी मोठ्या कालावधीत सपाट होते. डेटाचे उसळते लोंढे सेकंदात पाहा किंवा तासात, तसेच दिसतात. कॉल सेंटरमध्ये किती माणसं बसवायची, हे ठरवताना मात्र आजही एर्लांगचंच सूत्र वापरतात. आणि व्हॉट्सॲपचे सर्व्हर ज्या प्रोग्रॅमिंग भाषेत उभे राहिले, तिचं नावही एर्लांग.